बरोबर

माझी शब्दार्थाची वही अजून आहे. पाचवीतली. पलूस तालुक्यातल्या आमच्या घरी, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, जुन्या डायऱ्यांखाली ती सापडली. कडा उंदरांनी कुरतडल्यात, पण मधला मजकूर शाबूत. पानाला मधोमध उभी घडी, घडीच्या डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी, आणि घडीवर ओळीओळीला दोन आडव्या काड्या. बरोबरची चिन्हं. एका पानावर वीस शब्द, वीस बरोबर.

आम्हाला गणित आणि इंग्रजी एकच गुरुजी शिकवायचे, त्याचा हा परिणाम. इतर शाळांत मुलं ‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ असं घोकत. आमच्या वर्गात ‘कॅट बरोबर मांजर’. सकाळी ‘सात पंचे पस्तीस’ आणि दुपारी त्याच सुरात, तसंच डुलत ‘हंग्री बरोबर भुकेला, अँग्री बरोबर रागावलेला’. या दोघांत माझी हमखास गल्लत व्हायची. गुरुजी म्हणायचे, “भुकेला माणूस रागावतोच. अर्धा मार्क घे.”

ही 1984 सालची गोष्ट. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते आलं 2000 साली. वक्तृत्व स्पर्धेत कुणीतरी एकजण हात वर करून ‘इंग्रजी हे वाघिणीचं दूध आहे’ हे चिपळूणकरांच्या नावावरचं वाक्य फेकायचाच. आम्हाला ते दूध रोज दहा शब्द या मापानं मिळायचं. स्पेलिंग पाठ करायच्या युक्त्या होत्या. बुधवारचं ‘वेड-नेस-डे’, टुगेदरचं ‘टु-गेट-हर’. लेफ्टनंट तर ‘लाय-यू-टेन-अँट’, म्हणजे खोटं, तू, दहा, मुंगी, असा फोडून जो बसवला तो कायमचा. आजही तो शब्द लिहिताना मला ओळीनं चाललेल्या दहा मुंग्या दिसतात. स्पेलिंग एकदा बसलं की बसलं. अर्थाचं काय करायचं, हे मात्र कुणी शिकवलं नाही. त्यात शिकवण्यासारखं काही असतं, असंच कुणाला वाटत नव्हतं. अर्थ घडीच्या उजवीकडे लिहिलेला होताच की.

घरात इंग्रजी बोलणारं आणखी एक माणूस होतं, पण ते बोलतं ते इंग्रजी आहे हे मला फार उशिरा कळलं. आण्णा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, कृष्णा कालव्यावर. कऱ्हाडजवळच्या खोडशीच्या बंधाऱ्यातून निघणारा हा कालवा इंग्रजांच्या वेळचा, आणि पाण्याबरोबर त्यांचे शब्दही खाली वाहत आलेले. हेड, टेल, गेज, डिस्चार्ज, क्युसेक, रोटेशन, कंडम. आण्णा मॅट्रिकला इंग्रजीत कसेबसे सुटलेले. डिस्चार्जचं स्पेलिंग विचारलं असतं तर त्यांनी विषय बदलला असता. पण पाटाच्या कडेला उभं राहून, पाण्यात वाकलेली गवताची पाती बघून ‘आज डिस्चार्ज कमी आहे’ असं ते म्हणायचे, आणि गेजवर आकडा बघितला की तसंच निघायचं.

‘टेलला पाणी पोचलं का?’ हा प्रश्न आमच्या घरात ‘जेवलीस का?’इतका रोजचा होता. माझ्या वहीत टेल बरोबर शेपूट. माझ्या टेलच्या पुढे कुत्रा होता, आण्णांच्या टेलला, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाला, माणसं होती आणि ती कायम चिडलेली असायची, कारण हेडकडचे लोक रात्री पाट फोडायचे. ‘कंडम’ तर मी मराठीच समजत होते. खात्याची जीप कंडम, पाटाची दारं कंडम, परसातला पंप कंडम. खात्याच्या कागदावर जी वस्तू निकामी ठरवून यादीतून काढतात ती ‘कंडेम्ड’, हे बी.ए.ला असताना कळलं. फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यालाही तोच शब्द लावतात, हे त्याच सुमारास वाचलं आणि सुट्टीत आण्णांना मोठ्या ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, “आमच्या जीपचं तरी काय वेगळं होतं?”

सातवीतली एक दुपार मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

पाटाच्या कडेला एक म्हातारी राहायची. सगळं गाव तिला पाटाकडची आजी म्हणायचं. तिचा थोरला, बापू, मुंबईला गिरणीत होता. 1982 च्या संपात गिरणी सुटली, पण मुंबई सुटली नव्हती. मिळेल ते काम करून तो तिथंच राहिला होता. त्या दुपारी आजीच्या दारात तार आली. तार म्हटली की वाईटच, त्यामुळे कागद उघडायच्या आधीच बायकांचे पदर तोंडाशी गेले होते. गुरुजी तालुक्याला गेलेले, आण्णा पाण्याच्या पाळीवर. मग मला बोलावणं आलं. इंग्रजीत पहिली येणारी मीच.

अंगण भरलेलं होतं. तार हातात घेतली. पोस्टातल्या कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात चार शब्द होते: बापू एक्सपायर्ड कम सून. ‘कम सून’ येत होतं. ‘एक्सपायर्ड’ माझ्या वहीत नव्हता. मी पळत घरी गेले, फळीवरची छोटी डिक्शनरी काढली, शब्द शोधला. एक्सपायर, मुदत संपणे. त्याच्या पुढे स्वल्पविराम होता आणि आणखी काहीतरी लिहिलं होतं. ते मी वाचलं नाही. बरोबरच्या पुढे एकच अर्थ असतो, ही तीन वर्षांची सवय.

परत येऊन मी खणखणीत आवाजात सांगितलं, “बापूकाकांची मुदत संपलीय. लवकर या म्हणून कळवलंय.”

“कसली मुदत गं पोरी?”

“ते लिहिलेलं नाही.”

मग अंगणातच चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, खोलीची असंल. गिरणी सुटली म्हटल्यावर खोली किती दिवस ठेवतील? कुणी म्हणालं, कर्जाची असंल. शेवटी खोलीवर एकमत झालं. सामान हलवायला माणूस पाहिजे म्हणून बोलावतोय, उद्या-परवा जाऊन येऊ. बायकांचे पदर खाली आले. आजीनं सुटकेचा श्वास टाकला आणि आत जाऊन माझ्यासाठी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा घेऊन आली. मी तो तिथंच उभी राहून खाल्ला.

आण्णा रात्री दहाला आले. वाटेत आजीच्या दारात दिवा दिसला म्हणून थांबले. तिनं कौतुकानं तार दाखवली. मी आमच्या ओट्यावरून बघत होते. आण्णांनी कागद दिव्याकडे धरला, वाचला, आणि डोक्यावरची टोपी काढली. एवढंच केलं. आजी त्या टोपीकडे बघत राहिली, आणि मग तो आवाज आला.

मुंबईची रात्रीची गाडी तोवर निघून गेली होती. सकाळच्या एसटीनं माणसं गेली, ती पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं.

आण्णा मला रागावले नाहीत. उलट म्हणाले, “तू अर्थ बरोबरच सांगितलास.” मार बसला असता तर एवढं लागलं नसतं. 15 जुलै 2013 ला देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा आठवण म्हणून शेवटची तार करायला लोकांनी तारघरांपुढे रांगा लावल्या. माझी एक मैत्रीण मला ओढत होती. मी काम आहे म्हणून सांगितलं.

त्या शब्दाचा पिच्छा मी बरीच वर्षं पुरवला. मूळ लॅटिन. ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि पुढचा भाग श्वासाचा. श्वास बाहेर टाकणं. म्हणजे आपलं ‘प्राण सोडला’ जिथून आलं, जवळजवळ तिथूनच तोही आलेला. शब्दाच्या पोटात श्वास होता आणि मी मुदत वाचली. आज इंग्लंडात दूध एक्सपायर होतं, पासपोर्ट होतो. माणसाबद्दल तो शब्द कुणी रोजच्या बोलण्यात सहसा काढत नाही. आपल्याकडे मात्र अजूनही फोनवर ‘सकाळी मामा एक्सपायर झाले’ असंच सांगतात. मराठीत मरणाला गेले, वारले, निवर्तले, देवाघरी गेले असे इतके पदर असताना हा शब्द कशाला, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. तापलेलं पातेलं सांडशीनं धरावं तशी ती बातमी परक्या शब्दानं धरायची असते. हाताला चटका कमी बसतो.

आता मी पुण्यात भाषांतराचं काम करते. जास्त करून औषधांच्या चाचण्यांची कागदपत्रं. रुग्णाला द्यायची माहितीपत्रकं, संमतीपत्रं, प्रश्नावल्या. या धंद्यात उलट भाषांतर नावाची एक पद्धत आहे. मी इंग्रजीचं मराठी करते. मूळ कागद न पाहिलेला दुसरा माणूस माझ्या मराठीचं पुन्हा इंग्रजी करतो. मग दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून कुठे फरक पडला ते बघतात. पाच अधिक सात बरोबर बारा असेल, तर बाराकडून मागे चालत आल्यावर पुन्हा पाच आणि सातच भेटले पाहिजेत, असा हा हिशोब. गुरुजींना फार आवडला असता.

एका प्रश्नावलीत प्रवासात मळमळतं का, उलटी होते का, अशा अर्थाचा प्रश्न होता. मी लोक बोलतात तसं लिहिलं, ‘तुम्हाला गाडी लागते का?’ परत आलेल्या इंग्रजीत विचारलं होतं, तुम्हाला वाहनाची गरज आहे का? मी खूप हसले आणि मग गप्प झाले, कारण त्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं. लागते म्हणजे गरज पडते, हे कुठल्याही कोशात पहिल्या ओळीत सापडेल. स्टँडवर ‘कोल्हापूर गाडी लागली’ म्हणतात तेव्हा ती फलाटाला येते, आणि त्याच गाडीत बसल्यावर घाटात एखाद्याला गाडी लागते तेव्हा खिडकीजवळची जागा मागावी लागते. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, वेड लागतं, फणसाला फळं लागतात, आमटी खाली लागते. आण्णांचं ते वाक्य मला लागलं, हेही त्यातच. जन्मभर मराठी बोलून मला एकदाही हा शब्द अवघड वाटला नाही. मी कधी त्याचा अर्थ पाठच केला नव्हता.

दुखण्याचे शब्द हा तर माझा आवडता प्रांत. मॅकगिल या कॅनडातल्या विद्यापीठात रोनाल्ड मेलझॅक नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी 1975 साली वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात दुखण्याचे 78 शब्द आहेत, 20 गटांत लावलेले. रुग्णानं वाचायचे आणि आपल्या दुखण्याला जुळेल त्या शब्दावर खूण करायची. नुसत्या पहिल्या गटातच सहा शब्द आहेत, हलक्या थरथरीपासून घणाचे घाव बसावेत तसं होईपर्यंत चढत जाणारे. त्यातला एक ‘थ्रॉबिंग’. माझ्या वहीत थ्रॉब बरोबर धडधडणे. आता गळू काही धडधडत नाही. दोन दिवस शब्द सापडेना, म्हणून आईला फोन केला.

“आई, करट झालं की कसं दुखतं?”

“कुणाला झालंय?”

“कुणाला नाही. कामासाठी विचारतेय.”

“ठसठसतं,” आई म्हणाली, आणि मग न विचारता पुढे सांगत सुटली. दात ठणकतो. काटा सलतो. कमरेत चमक भरते. भाजलं की चुरचुरतं, मिरचीचा हात लागला की झोंबतं. ताप यायच्या आधी कणकण वाटते. पोटात कळ येते आणि मुरडाही येतो, पण ती दोन्ही वेगळी. आणि मांडी घालून फार वेळ बसलं की पायाला रग लागते. मी पेन घेऊन लिहीत होते. हा सगळा ऐवज त्या 78 शब्दांच्या तोडीचा होता, आणि आईनं तो भाजी निवडता निवडता सांगितला होता. रग इंग्रजीत नेमकी कशी सांगायची हे मला अजून जमलेलं नाही. पायाला येणाऱ्या मुंग्यांना इंग्रजीत टाचण्या आणि सुया आहेत, रगेला तसं काही मिळत नाही.

त्या यादीत एक गंमत होती. दात सलत नाही, काटा ठणकत नाही. ज्याचं त्याचं ठरलेलं आहे. नवरा-बायकोसारखं म्हणा, नाहीतर पंगतीत ज्याच्या शेजारी जो बसतो तसं. फर्थ नावाच्या इंग्रज भाषाशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये हेच लिहून ठेवलंय, की शब्दाची ओळख पटते ती त्याच्या संगतीवरून. हे गृहस्थ तरुणपणी लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवायला होते. मला उगाच वाटतं, तिथं त्यांनी आपल्यासारख्यांच्या शब्दार्थाच्या वह्या तपासल्या असतील.

संगत चुकली की काय होतं, त्याचा मला एकदा चांगलाच प्रसाद मिळाला. परदेशातल्या एका संपादकबाईंना मी मेल लिहिला की चौथ्या पानाबद्दल मला काही ‘डाउट्स’ आहेत. मला दोन गोष्टी विचारायच्या होत्या, बस. उत्तर आलं ते तीन परिच्छेदांचं आणि बर्फासारखं. चौथ्या पानावरची माहिती कुठून घेतली, कुणी तपासली, त्यावर त्यांचा पूर्ण विश्वास कसा आहे, वगैरे. डाउट बरोबर शंका, हे माझ्या वहीत सहावीच्या पानावर आहे. आपल्याकडे विद्यार्थी शंका विचारतो, गुरुजी निरसन करतात, दोघंही खुशीत असतात. त्यांच्या डाउटमध्ये मात्र अविश्वास आहे. माझा प्रश्न त्यांच्या दारात पोचेपर्यंत आरोप झाला होता. तरी बरं, सगळी शंका डाउटमध्ये जात नाही. लघुशंकेचं काय करणार होतो?

‘प्लीज’चंही तसंच. प्लीज बरोबर कृपया. पण ‘कृपया’ आपण पाटीवर वाचतो आणि स्टेशनवर ऐकतो. घरात कुणी कुणाला कृपया म्हणत नाही. आपली विनंती क्रियापदाच्या शेपटीला असते. ‘दे’, ‘दे ना’, ‘देतोस का जरा’, ‘द्याल का’. इंग्रजीत लिहिताना ती शेपटी गळून पडते आणि माणूस उद्धट वाटायला लागतो. बिचारा घरी किती गोड बोलत असेल.

ट्रंकेतून वही काढली तेव्हा माझी भाची तिथं होती. ती इंग्रजी माध्यमातली, मराठी छान बोलते पण वाचते अडखळत. अमेरिकेत शिकायला जायचं म्हणून तिचं शब्द पाठ करणं चाललेलं. फोनवर पत्ते येतात. एका बाजूला शब्द, बोट लावलं की पत्ता उलटतो आणि अर्थ दिसतो. जमला तर तो पत्ता चार दिवसांनी येतो, नाही जमला तर उद्याच. म्हणजे माझीच वही, फक्त घडी उभी नसून आडवी. त्या आठवड्यात तिनं ‘लाकोनिक’ पाठ केला होता, अर्थ ‘थोडक्यात’. जेवताना आजीला म्हणाली, “आजी, मला लाकोनिक भात वाढ.” आजीनं नेहमीसारखी डोंगराएवढी मूद वाढली.

ही पत्त्यांची पद्धत ज्या शोधावर उभी आहे तो हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाचा, 1885 सालचा. किती दिवसांत माणूस किती विसरतो हे त्यानं स्वतःवरच प्रयोग करून मोजलं. त्यासाठी त्यानं 2300 च्या आसपास निरर्थक अक्षरगट तयार केले. खरे शब्द मुद्दाम टाळले, कारण खऱ्या शब्दाला आठवणी चिकटलेल्या असतात, ओळखीपाळखी असतात, आणि त्यानं मोजमाप बिघडतं. हे वाचल्यावर मी भाचीच्या फोनकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. ज्याला कुणी सोबती नाही अशा अक्षरांसाठी त्यानं ही पद्धत शोधली, आणि आपण तिच्यात गोतावळा असलेले शब्द एकेकटे कोंबतोय. पाठ होतात, यात वाद नाही. माझेही झाले होते.

भाची वही उलटत होती. एका पानावर थांबली.

“मावशी, हे तू सगळीकडे ‘बरोबर’ का म्हणायचीस?”

“म्हणजे इक्वल्स.”

“पण आजी म्हणते, ‘मावशीबरोबर जा.’ तेव्हा ते ‘विथ’ असतं. आणि मी उत्तर दिलं की तू म्हणतेस, ‘बरोबर!’ तेव्हा ‘करेक्ट’. मग इथं नक्की कुठलं?”

मी तिच्याकडे बघतच राहिले. पन्नाशी आली, शब्दांवर पोट भरते, आणि तोंडात दिवसातून शंभर वेळा येणारा हा शब्द मी कधी उघडून पाहिला नव्हता. टेलबरोबर आण्णांची ती चिडलेली माणसं. ठसठसण्याबरोबर करट. एक्सपायर्डबरोबर बापू, तो दुधाबरोबर नव्हता, पासपोर्टबरोबर नव्हता, एका माणसाच्या नावाला लागून आला होता. मी तेवढं शेजारचं बघितलं असतं तरी पुरलं असतं. गुरुजी तीन वर्षं आमच्याकडून खरा शब्द घोकून घेत होते. आम्ही त्याचा चुकीचा अर्थ लावत होतो.

ऑक्सफर्डचा तो प्रचंड इंग्रजी कोश अशाच संगतीतून उभा राहिला. कल्पना 1857 ची. जेम्स मरे 1879 ला संपादक झाले, पहिला भाग 1884 ला निघाला, मरे 1915 ला गेले आणि कोश पुरा झाला 1928 ला. अर्थ काय ते सांगा, असं त्यांनी लोकांना विचारलंच नाही. तुम्ही जे वाचता त्यात शब्द ज्या वाक्यात दिसेल ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवा, म्हणाले. लाखो चिठ्ठ्या आल्या. मरेंनी घराच्या आवारात पत्र्याची शेड उभारली होती, तिच्यात खण करून त्या लावल्या, आणि वाक्यं शेजारी शेजारी ठेवून मग अर्थ पाडले. अलीकडे त्यांच्या वारसदारांनी नुसत्या ‘रन’चे सहाशेहून जास्त अर्थ मोजलेत. आपलं मुंगूसही त्या कोशात जाऊन बसलंय, ‘मंगूस’ या नावानं, मराठीतून गेलं असा दाखला घेऊन. गूसचं अनेकवचन गीज, तसं त्याचं मंगीज मात्र होत नाही, मंगूसेस. पाहुण्याला घरच्यांचे नियम लावले नाहीत, एवढं सौजन्य इंग्रजीनं दाखवलंय.

आण्णा जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचे शब्द घरात आहेत. 2019 च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 ची. आई तेव्हा पुण्यात माझ्याकडे होती आणि दिवसभर टीव्हीसमोर बसून कोयनेचा आकडा ऐकायची. भाचीनं विचारलं, आजी, क्युसेक म्हणजे काय? चौथी शिकलेल्या आईनं तिला आण्णांच्या शब्दांत सांगितलं. एका सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे अठ्ठावीस लिटर. मग स्वतःच्या शब्दांत सांगितलं, “तू ‘एक’ म्हण. तेवढ्यात दोन हंडे गेले. आता लाखभर क्युसेक म्हणतायत. मोज.” भाचीनं फोन खाली ठेवला.

यंदा पावसाळ्याआधी आईला मिरजेला दवाखान्यात ठेवलं होतं. न्यूमोनिया झाला होता. सहा दिवस ऑक्सिजन, सलाईन, झोपेतली बडबड. सातव्या दिवशी सकाळी तिनं चहा मागितला, आणि कालच्यापेक्षा पाणचट आहे म्हणून तक्रार केली. दुपारी डॉक्टर आले. तरुण होते, विदर्भातले. नाडी बघितली, छातीचा फोटो दिव्याकडे धरून बघितला आणि म्हणाले, “आजी, उद्या तुमचा डिस्चार्ज.”

आईनं डोळे बारीक केले.

“किती क्युसेकनं?”

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं आजींना अजून भ्रम आहे. त्यांनी पुन्हा नाडी धरली. नर्स मात्र कृष्णाकाठच्या औदुंबरकडची होती. तिला सलाईनची सुई काढायची होती, पण हसू आवरेपर्यंत ती हात लांब धरून नुसती उभी राहिली.